चुल्लपंथकाचे फडके



घरात मूल नापास झाले की दोन वाक्ये हमखास कानी पडतात. ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ आणि ‘नशिबातच विद्या नाही.’ यातले दुसरे वाक्य आपण जुन्या धर्मातून बरोबर आणलेले ओझे आहे. म्हणून आज चुल्लपंथकाची गोष्ट सांगतो.

राजगृहाला जीवकाचे आम्रवन होते. तेथे दोन सख्खे भाऊ भिक्खू म्हणून राहत. थोरला महापंथक विद्वान. त्याने धाकट्याला एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने झाले तरी ती येईना. नवी ओळ घ्यावी तर मागची जाई. शेवटी थोरल्याने त्याला विहार सोडावयास सांगितले.

पहाटे दारातच तथागत भेटले. त्यांनी त्याला परत आणले, पण दुसरी गाथा दिली नाही. पूर्वेकडे तोंड करून बसविले, एक स्वच्छ फडके दिले आणि ‘रजोहरणं’, म्हणजे मळ काढणे, एवढाच शब्द म्हणत ते चोळावयास सांगितले. ऊन चढले. पांढरे फडके हातातच मळले. ते पाहून अनित्यता काय ती त्याला उमगली. मग तथागतांनी अर्थ सांगितला, की खरा मळ लोभ, द्वेष आणि मोह यांचा. चुल्लपंथक अर्हत झाला.

अट्ठकथेत त्याची मंदबुद्धी मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ म्हटली आहे. ते सोडून द्या. परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा विचार नाकारलाच आहे. आणि दोष पूर्वजन्माचा असता, तर फडक्याने काय झाले असते? चुल्लपंथक तोच होता. बदलली ती शिकविण्याची रीत. आधी आपुलकी, मग झेपेल एवढेच काम, तेही हाताला आणि डोळ्यांना, आणि अर्थ सर्वांत शेवटी. आम्ही शिक्षक नेमके उलटे करतो. मीही वर्गात एका मुलाला ‘दगड’ म्हणालो आहे. तो पुढे महिनाभर माझ्याकडे मान वर करून पाहत नव्हता.

‘गुरुजी, आम्ही अडाणी, आम्ही काय शिकविणार?’ असे पुष्कळजण विचारतात. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. ती भाकऱ्या थापताना म्हणे, ‘आज काय शिकलास, मला सांग.’ तिला समजेपर्यंत सांगावे लागे, आणि सांगता सांगता माझेच कुठे अडते ते मला कळे. हिशेब कच्चा असेल तर बाजाराची पिशवी आणि पैसे मुलाच्या हाती द्या. मुलीच्याही द्या, तिला चुलीपाशी ठेवून मुलालाच तेवढे विचारू नका.

आपली मुले त्रिशरण-पंचशील घडाघडा म्हणतात. आज रात्री वंदना झाल्यावर ‘अदिन्नादाना’ म्हणजे काय, एवढेच त्यांना विचारा. उत्तर आले नाही तर रागावू नका. शेजाऱ्याच्या झाडाचा पेरू न विचारता तोडला तर काय होते, तेथून सुरुवात करा.