पाठांतर, विस्मरण आणि ऑनलाइन फ्लॅशकार्ड

पहाटेच्या अभ्यासिकेतील तो आवाज आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या कानांत अजूनही असेल. दिवे लागत, पुस्तके उघडत आणि अनेक कंठ एकाच वेळी सनावळ्या घोकू लागत. त्या परिश्रमांविषयी आम्हांला आजही आदर आहे. परंतु त्यांतलीच काही मुले परीक्षेहून परतताना म्हणत, "सर, सगळं वाचलं होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही." आणि पाठोपाठ स्वतःविषयी निष्कर्ष काढून मोकळी होत, "आपल्याला डोकंच नाही." ज्या समाजाला बुद्धी जन्मावर ठरते असे शतकानुशतके ऐकवले गेले, त्या समाजातील मुलाने हा निष्कर्ष स्वतःहून स्वीकारावा, यासारखी घातक गोष्ट नाही.

विसरणे हा कोणाच्या कुळाचा दोष नव्हे. तो मानवी स्मृतीचा स्वभाव आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष 1885 साली प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यापैकी मोठा भाग आरंभीच्या काही तासांतच निसटतो, पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्याला आढळले. त्यावरचा उपाय म्हणजे योग्य अंतराने पुन्हा आठवणे.

येथे 'पुन्हा वाचणे' आणि 'पुन्हा आठवणे' यांतील भेद ध्यानात घ्यावा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून झाल्यावर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पहाटे घोकलेले न्याहारीपर्यंत टिकते आणि परीक्षेत का सापडत नाही, याचा उलगडा येथे होतो. आपल्या परंपरेलाही हे अनोळखी नाही. इ.स.पू. पहिल्या शतकात श्रीलंकेत त्रिपिटक ग्रंथबद्ध होईपर्यंत भाणकांनी ते मुखोद्गत राखले. त्यांच्यासमोर पोथी नव्हती. प्रत्येक पठण हे आठवणेच होते.

फ्लॅशकार्ड याच तत्त्वावर चालते. एका बाजूस प्रश्न, दुसऱ्या बाजूस उत्तर. सेबास्टियन लाइटनर याने 1972 साली अशा कार्डांसाठी पाच कप्प्यांची पेटी सुचवली. उत्तर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते व अधिक दिवसांनी समोर येते. चुकले की पहिल्या कप्प्यात परतते. 2006 साली आलेल्या 'अंकी' या संगणकीय साधनात हा हिशेब यंत्रच ठेवते. ते संगणकावर आणि अँड्रॉइड मोबाईलवर मोफत मिळते आणि कार्डे एकदा उतरवून घेतली की इंटरनेटवाचूनही चालते.

पहिल्या वर्षी आमची एक चूक झाली. सर्व कार्डे आम्हीच तयार करून दिली. 'मूकनायक' 31 जानेवारी 1920, 'बहिष्कृत भारत' 3 एप्रिल 1927, 'जनता' 24 नोव्हेंबर 1930, 'प्रबुद्ध भारत' 4 फेब्रुवारी 1956. मुलांनी तारखा झटपट आत्मसात केल्या आणि 'चुकीची जोडी ओळखा' हा प्रश्न सहज सोडवला. पण "मूकनायकानंतर दुसरे पत्र का काढावे लागले?" असे विचारताच वर्ग स्तब्ध झाला. बाबासाहेब शिक्षणासाठी पुन्हा लंडनला गेले, त्यांच्या अनुपस्थितीत मूकनायक बंद पडले आणि महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांत नवे पत्र उभे राहिले, हा कार्यकारणभाव आमच्या एकाही कार्डावर नव्हता. आम्ही घोकंपट्टीलाच नवे यंत्र जोडून दिले होते.

त्यानंतर आम्ही काही नियम ठरवले. धडा समजल्यावर कार्ड विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत लिहावे. एका कार्डावर एकच प्रश्न असावा. प्रत्येक 'केव्हा'च्या कार्डासोबत एक 'का'चे कार्ड असावे. उत्तर मोठ्याने बोलल्यावर किंवा लिहिल्यावरच मागची बाजू पाहावी आणि अर्धवट आठवले असता 'आठवले' असे नोंदवू नये. रोज थोडी कार्डे घ्यावीत. परीक्षेच्या आदल्या रात्री शेकडो कार्डे उलटण्यात काही अर्थ नाही. टिपा आणि दीर्घोत्तरे यांसाठी लेखनाचा सराव वेगळा करावाच लागतो. कार्डे त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

पालकांना आमचे एक सांगणे आहे. सुटीत मूल घरी येते तेव्हा मोबाईल नसला तरी अडत नाही. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची कार्डे पुरतात. ज्या मातेला अक्षरओळख नाही, तीही हा अभ्यास घेऊ शकते. मुलाने प्रश्न वाचावा, कार्ड आईच्या हाती द्यावे आणि उत्तर सांगून होईपर्यंत आईने ते परत देऊ नये. मूल कोठे अडखळते, हे तिला नेमके कळते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास केला आहे. आपल्या अनुभवातून चांगले प्रश्न कसे घडवावेत, हे त्यांनी सुटीच्या दिवशी येऊन मुलांना दाखवावे. वापरात नसलेला चालू संगणक असल्यास तोही आणावा. परीक्षेहून परतणाऱ्या मुलाने "मला डोकं नाही" असे म्हणण्याऐवजी "हे कार्ड उद्या पुन्हा घेतो" असे म्हणावे, एवढ्यासाठी आमचा हा खटाटोप आहे.