गाडीचीही खातेवही ठेवा

व्यापारी बंधूंनो, दुकानातल्या एकेका ताग्याचा हिशेब आपण ठेवतो. पण गाडीचे इंजिन ऑईल शेवटचे कधी बदलले, हे विचारले तर आपण ड्रायव्हरकडे बघतो. माझ्या मालवाहू गाडीचे इंजिन याच गाफीलपणाने गेले. ऑईल कमी होत राहिले, मी पाहिले नाही. थोडे पैसे वाचवले आणि इंजिन खोलण्याचा खर्च अंगावर घेतला. वर ऐन हंगामात माल भाड्याच्या टेम्पोने न्यावा लागला.

ऑईल पुर्जे घासू देत नाही, उष्णता वाहून नेते. जुने झाले की त्याची ताकद संपते. म्हणून आठवड्यातून एक सकाळ गाडीला द्या. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असताना ऑईलची पट्टी पुसून पुन्हा बुडवा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कूलंट पाहा, पण गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका. टायर थंड असताना हवा तपासा. हवा कमी असली की टायरच्या कडा झिजतात, इंधनही जास्त लागते. धुळीच्या रस्त्यावर एअर फिल्टर लवकर बदलावा लागतो. रबरी टायमिंग बेल्ट असेल तर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत बदला. तो तुटला तर बऱ्याच इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात.

तारीख, किलोमीटर, काम आणि खर्च एका वहीत लिहा. गाडी विकताना हीच वही चांगला भाव मिळवून देईल.