गोधडीवरून क्षेत्रफळाचा पाठ

काळेवाडीसारख्या कामगारवस्तीत गावोगावची कुटुंबे येऊन राहतात. गोधडी मात्र बहुतेकांच्या ओळखीची. तिच्यावरून क्षेत्रफळ शिकवावे.

जुन्या सुती साडीचे १० सेंटीमीटर बाजूचे चार चौकोन मुलांकडून कापवून घ्यावेत. एखाद्या पालकाकडील जुन्या सिंगर वा उषा शिवणयंत्रावर, काठापासून १ सेंटीमीटर आत शिवण घेऊन, त्यांचा एक मोठा चौकोन जोडावा. यंत्राचे चाक शिक्षकाने हाताने सावकाश फिरवावे; एका फेऱ्यास एक टाका पडतो, तो मुलांनी मोजावा.

बाजू किती? मुले २० सांगतील. पट्टी १८ दाखवील. ४०० पैकी ७६ चौरस सेंटीमीटर कापड गेले कोठे? उत्तर सांगू नये. चौकोन उलटा करून मुलांनाच शोधू द्यावे. ते शिवणीत दुमडलेले असते, आणि त्याच्याच बळावर जोड टिकतो.

शाळा न पाहिलेली आईही गोधडी शिवताना हा हिशेब धरते. तो तिला विचारून मुलांनी वहीत लिहून आणावा.