चित्रकलेचा तास आणि भोवतालचा परिसर
(इयत्ता तिसरी व चौथीसाठी)

‘निसर्गचित्र काढा’ असे सांगताच बहुतेक वर्गांत एकच चित्र तयार होते : दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य, वळणे घेत येणारी नदी, काठावर घर व नारळाचे झाड. जव्हार व मोखाडा तालुक्यांतील मुलेही पुष्कळदा हेच चित्र काढतात, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शाळेच्या ओट्यावरून त्यांना दिसतात ते सह्याद्रीचे सपाट माथ्याचे डोंगर, उतारावरील नागली-वरईची शेते, राब भाजून काळी पडलेली जमीन, साग, ऐन आणि मोह. यांपैकी काहीच वहीत उतरत नाही. दोष मुलांचा नव्हे. नमुना फळ्यावरून आला आहे.

कलावंत निसर्गापासून स्फूर्ती घेतो, म्हणजे सुंदर देखाव्याची नक्कल करतो असे नव्हे. परिचित भूमीकडे तो पुनःपुन्हा पाहतो व तिच्याशी असलेले आपले नाते रेषेतून सांगतो. फ्रान्समधील चित्रकार पॉल सेझान (१८३९–१९०६) याने आपल्या गावाजवळचा सेंत-व्हिक्त्वार हा एकच डोंगर वर्षानुवर्षे रंगविला. डोंगर तोच होता. पाहणे दर वेळी नवे होते.

याहून जवळचे उदाहरण आपल्या पाड्यांवर आहे. वारली समाजात लग्नप्रसंगी सुवासिनी घराच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. चौकात पालघाट देवी असते. त्रिकोण, वर्तुळ, चौकोन व रेषा एवढ्याच साधनांनी माणसे, झाडे, जनावरे साकार होतात. या चित्रांत दूरचे लहान व जवळचे मोठे असा नियम नाही, क्षितिजाची रेषाही नाही. झाड, माणूस, मुंगी आणि शेत एकाच भिंतीवर शेजारी नांदतात, कारण त्यांचे जीवनच असे एकत्र गुंफलेले आहे.

डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी १९७० नंतरच्या दशकात ही कला विधीच्या बाहेर आणून कागदावर व कापडावर रुजविली. भातशेती, तारप्याचा नाच, मासे धरण्याचे जाळे हे त्यांचे विषय होते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी विषय शोधण्यासाठी दूर पाहिले नाही, हे शिक्षकांनी ध्यानी घ्यावे.

पाठाची रूपरेषा : दोन जोड तास घ्यावेत. प्रथम मुलांना शाळेबाहेर एका जागी बसवावे. दहा मिनिटे वही उघडू देऊ नये. मग विचारावे : समोरच्या डोंगराचा माथा कसा आहे? पायवाट कोठे वळते, व तेथेच का वळते? या झाडाला घरी काय म्हणतात? उत्तर वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी अशा कोणत्याही बोलीत आले, तरी ते फळ्यावर तसेच लिहावे. वर्गात परतल्यावर मुलांनी आठवणीने चित्र काढावे. रंग नसल्यास कोळसा, गेरू, पिठाचे पाणी व टोक ठेचलेली बांबूची काडी पुरेशी आहे.

दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. पहिली : देवीचा चौक ही लग्नविधीतील वस्तू आहे, सजावट म्हणून तो मुलांकडून काढवू नये. दुसरी : दोन डोंगरांचा साचा मोडून त्याजागी त्रिकोणी माणसांचा साचा बसवू नये. छापील कापडावरील वारली चित्राची नक्कल हीही नक्कलच होय.

गुण देताना रेषेच्या सफाईपेक्षा निरीक्षणाला मान द्यावा. एखाद्या मुलीने सूर्य काढलाच नाही, पण डोक्यावर हंडा घेऊन चढण चढणारी आई व तिच्या वाटेतील प्रत्येक दगड काढला, तर ते चित्र अपुरे ठरवू नये. त्या चढणीला तिच्याइतके कोणी पाहिलेले नसते. तिच्या चित्रावर लाल रेघ ओढली गेली, तर ती पुढच्या वेळी मुकाट्याने दोन त्रिकोण काढील, आणि आपला डोंगर चित्रात येण्याच्या योग्यतेचा नाही असे समजेल. ही समजूत एकदा दृढ झाली की काढणे फार कठीण जाते. म्हणून वर्गाच्या भिंतीवर पहिली जागा त्या चित्राला द्यावी.