सावज बोलू लागले तर?

विज्ञानकथा म्हटली की अवकाशयाने, किरणांच्या बंदुका आणि चित्रविचित्र प्राणी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु या वाङ्मयप्रकाराने हाताळलेला एक प्रश्न आपल्या शिवारातलाही आहे. ज्याची शिकार करायची तो विचार करणारा, बोलणारा निघाला, तर शिकार थांबेल काय?

'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाईन' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेत १९९३ साली 'कॅप्टिव्ह परस्यूट' नावाचा एक भाग दाखविण्यात आला. वसतिगृहातील मित्राच्या मोबाईलवर तो मी दोनदा पाहिला. एका अवकाशस्थानकावर मोडक्या यानातून एक परग्रहवासी येतो. नाव विचारले तर 'मी टोस्क' एवढेच सांगतो. तो कोणापासून पळतो आहे हे सांगत नाही, कारण त्याने मौनाची शपथ घेतली आहे. ओब्रायन नावाच्या तंत्रज्ञाची आणि त्याची मैत्री जमते. पुढे पाठलाग करणारे येऊन धडकतात आणि उलगडा होतो. टोस्क हे सावज आहे. शिकारीसाठीच त्याची पैदास झाली आहे, आणि चपळाईने, हुशारीने शिकाऱ्यांना चकवीत आणखी एक दिवस जगणे हाच त्याचा मान. तो कोठडीत आयता सापडला म्हणून शिकारीच खट्टू होतात! आता त्याला जिवंत धरून नेतील आणि त्याची मानहानी होईल.

आपली समजूत अशी असते की, समोरच्याला बुद्धी आहे हे एकदा पटले की माणूस हत्यार खाली ठेवील. हा भाग ती समजूत खोटी ठरवितो. शिकाऱ्यांना टोस्कची बुद्धी ठाऊक आहे, तिचे त्यांना कौतुक आहे. किंबहुना तिच्याचमुळे शिकारीला गोडी आहे. रिचर्ड कॉनेल या लेखकाने १९२४ च्या 'द मोस्ट डेंजरस गेम' या कथेत हेच दाखविले होते. त्यातला सरदार माणसांची शिकार करतो, कारण जनावराला विचार करता येत नाही.

कुणी म्हणेल, ही सारी कल्पनेची भरारी. परंतु इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. नोंदणी, पोलिसांकडे हजेरी, गाव सोडायचे तर परवाना. १९११ च्या कायद्याने हे जाळे आणखी पसरले. सोलापुरात तर तारेचे कुंपण घातलेली 'सेटलमेंट' उभी राहिली. १९०८ मध्ये केनेडी नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील अशा जमातींवर इंग्रजीत एक ग्रंथ प्रसिद्ध केला. ह्या लोकांची वेषांतरे, त्यांच्या बोली, त्यांची हत्यारे अशी बारीकसारीक माहिती त्यात भरली आहे. सावजाच्या हुशारीचा इतका अभ्यास झाला, पण त्यामुळे पाठलाग थांबला नाही.

यात पारध्यांची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. हे मुळात शिकारीच. फासे लावून तितर, लाव्हे, ससे, हरणे धरणारे ते फासेपारधी. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने सावजाजवळ सरकणारे ते गायपारधी. पाखराचा आवाज काढून पाखराला बोलावणारी ही माणसे कायद्याने स्वतःच सावज झाली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला, तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे मागे राहिले. मग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला अभय मिळाले. ते मिळायलाच हवे होते. पण फाशावर ज्याचे पोट होते त्याच्या हाती दुसरे काय दिले, हे विचारायचे राहून गेले. माझ्या गावात आजही कुणाच्या आखाड्यावरची मोटार चोरीस गेली की लोकांची नजर आधी गावाबाहेरच्या पालांकडे वळते. पाल उठून गेले तर म्हणतात, "पळाले, म्हणजे त्यांनीच नेली." राहिले तर म्हणतात, "बघा, किती निगरगट्ट!" टोस्कला निदान खेळाचे नियम तरी ठाऊक होते.

ओब्रायनचे मला पटते आणि पटतही नाही. स्थानकाचा प्रमुख सिस्को टोस्कला आश्रय देऊ करतो. टोस्क तो नाकारतो, कारण पळणे सोडले तर टोस्क म्हणून त्याचे काही उरत नाही. तेव्हा ओब्रायन नियम मोडून त्याला निसटू देतो, म्हणजे पुन्हा पळू देतो. मित्राच्या मानाचा विचार केला तर हे थोर आहे. परंतु शिकारी जिथल्या तिथेच राहतात आणि उद्या दुसरा टोस्क पैदा होणारच.

आश्रय नाकारण्याची ही गोष्ट परकी वाटू नये. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्यात पोलिसांचा छळ आहेच, पण मी थांबलो तो शाळेच्या प्रसंगावर. वडिलांनी लक्ष्मणला शाळेत घातले तेव्हा त्यांच्या स्वतःच्याच लोकांनी विरोध केला. मुले आजारी पडली त्याचा दोषही या शाळेवरच ठेवला. पहिल्या वाचनात मला त्या लोकांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले की, त्यांच्या आयुष्यात 'हजेरी' हा शब्द आधी पोलिसांकडून आला होता, शाळा फार नंतर आली. मास्तर पटावर नाव का मागतो, असा संशय त्यांना येणारच.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. माझ्या नावामागे चौकीची नोंद नव्हती, म्हणून माझे नाव पटावर चढताना घरी कुणी भ्याले नाही. आई तर त्या दिवशी शेजारी साखर वाटून आली.