दोन हादऱ्यांमधले सेकंद

प्रश्न : २४ मार्च २०२३च्या सकाळी आधी मांडणीवरच्या वाट्या किणकिणल्या आणि तीन-चार सेकंदांनी घर हललं. हे दोन भूकंप होते का? – एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : नाही, भूकंप एकच, लाटा दोन. वाट्या वाजवून गेली ती प्राथमिक, म्हणजे ‘पी’ लाट. खडकातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावणारी. घर हलवलं ते मागून येणाऱ्या ‘एस’ लाटेनं. तिचा वेग साडेतीन किलोमीटरच्या आसपास. वाट जितकी लांब, तितकी ती मागे पडते. जवळच्या भूकंपाला सोपा हिशेब लागू पडतो : दोन लाटांत जितक्या सेकंदांचं अंतर, त्याची आठपट किलोमीटर. त्या दिवशीचं केंद्र ग्वाल्हेरच्या आग्नेयेला सुमारे २८ किलोमीटरवर, १० किलोमीटर खोल होतं, तीव्रता ४. म्हणजे तिरपी वाट तीसेक किलोमीटरची आणि फरक पावणेचार सेकंदांचा. तुमचा अंदाज किती नेमका होता पाहा!

२५ एप्रिल २०१५चा नेपाळचा भूकंप तुमच्यापासून पावणेसातशे किलोमीटरवर झाला. एवढ्या लांबच्या लाटा खोलवरच्या, अधिक वेगाच्या खडकांतून येतात, म्हणून आठाचा पाढा तिथे चालत नाही. तरी फरक मिनिटाहून जास्तच पडतो.

मात्र एका ठिकाणच्या सेकंदांवरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही. तीन भूकंपमापन केंद्रांभोवती नकाशावर आपापल्या अंतराची तीन वर्तुळं काढली, की ती जिथे छेदतात तिथे भूकंपाचं ठिकाण सापडतं.

पुन्हा वाट्या वाजल्या तर आधी भक्कम टेबलाखाली बसा, सेकंद तिथूनच मोजा.