अत्याचाराची आठवण आणि आपल्या हातातला मोबाईल



२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी गावात सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि सुधीर व रोशन ही दोन मुले अशा चौघांना जमावाने ठार मारले. हे कुटुंब दलित होते. घरातले एकटे भैयालाल वाचले; २०१७ साली तेही गेले. आता त्या घराची गोष्ट सांगायला त्या घरातले कोणी उरलेले नाही. मग ती कोण सांगणार?

कोर्टाची कागदपत्रे आहेतच. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले व सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद दिली. मात्र अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम दोन्ही निकालांत टिकले नाही. हा सूडाचा प्रकार मानला गेला. दलित समाजाची आठवण वेगळे सांगते. म्हणून निकालाची प्रत आणि लोकांच्या साक्षी, दोन्ही शेजारी शेजारी जपायला हव्यात. एक ठेवून दुसरे टाकले, तर पुढच्या पिढीला अर्धेच कळेल.

हे काम जगात इतरत्र झाले आहे. नाझींच्या छळातून वाचलेल्या ज्यू लोकांच्या साक्षी चित्रित करण्यासाठी १९९४ साली अमेरिकेत शोआ फाऊंडेशन सुरू झाले. तेथे पन्नास हजारांहून अधिक मुलाखती आहेत आणि कोणत्या मिनिटाला कशाविषयी बोलणे झाले त्याची सूचीही आहे. आपल्याकडे ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण मेले. आनंद पटवर्धन यांनी तेथील माणसांचे बोलणे चौदा वर्षे टिपले. त्यातून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट झाला.

पण साधन सोपे झाले की धोकाही वाढतो. खैरलांजीच्या मृतदेहांची छायाचित्रे इंटरनेटवर फिरली. त्यामुळे लोक जागे झाले हे खरे. पण मेलेल्या बाईची अब्रू जपली गेली का, हाही प्रश्न आहे. १९५५ साली अमेरिकेत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. तेव्हा शवपेटी उघडी ठेवण्याचा निर्णय त्याच्या आईने घेतला होता. ज्याचे दुःख, त्याचा निर्णय, हा धडा आपण घ्यावा.

आपल्या जिल्ह्यातही वेगळी विहीर, वेगळी पंगत पाहिलेली वडीलधारी माणसे असतील. चर्चमध्येही जातिभेद आहे, हे भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेने २०१६ च्या आपल्या दलितविषयक धोरणात कबूल केले आहे. तेव्हा हे काम दुसऱ्या कोणाचे आहे असे समजू नये. ते करताना पाच गोष्टी पाळाव्यात:

१. आधी परवानगी घ्यावी, शक्यतो लेखी. नाव गुप्त ठेवायचे असेल तर तसे लिहून घ्यावे. परवानगी नंतर मागे घेता येते, हेही सांगावे.

२. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच तारीख, गाव आणि विचारणाऱ्याचे नाव बोलावे.

३. स्वतः पाहिलेले कोणते व ऐकीव कोणते, हे विचारावे. बोलणाऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. तो रडला, थांबला, तर रेकॉर्डिंग थांबवावे.

४. मूळ फाईल कापू नये. नुसती व्हॉट्सअॅपवर ठेवू नये. तेथे चित्राचा दर्जा उतरतो आणि मोबाईल हरवला की सारेच जाते. तीन प्रती कराव्यात, एक दुसऱ्या घरी ठेवावी. पेनड्राईव्ह खराब होतो, म्हणून दरवर्षी उघडून पाहावे.

५. जिवंत माणसावर आरोप असलेले रेकॉर्डिंग कोठेही पुढे पाठवू नये. आपण साक्ष जपतो आहोत, निकाल देत नाही.

समूहात चर्चेसाठी: आपल्या वाडीत कोणाची आठवण अजून कोणी विचारलेली नाही? ती सांगितल्यावर त्या माणसाला त्रास झाला, तर त्याच्या बाजूने आपण उभे राहू का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असेल, तरच मोबाईल हातात घ्यावा.